शेणाच्या राखेतली शेती

हंपीजवळ निंबापुरम इथे राखेचा एक मोठा ढीग आहे. रामाने मारलेल्या वालीला तिथेच अग्नी दिला, असं लोक सांगतात. बल्लारी, रायचूर, यादगीर आणि पलीकडे आंध्र-तेलंगणाच्या पट्ट्यात असे शंभरावर ढीग सापडले आहेत. काही ठिकाणी राख भुसभुशीत आहे, काही ठिकाणी वितळून काचेसारखी घट्ट झालेली. एकोणिसाव्या शतकातल्या साहेबांना त्यात कधी ज्वालामुखी दिसला, कधी लोखंडाच्या भट्ट्या. भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांना मात्र ते जळलेलं शेण वाटलं. त्यांचं म्हणणं बरीच वर्षं लोकांच्या गळी उतरलं नाही. इतकं शेण, तेही जाळून टाकलेलं, हे पचायला जडच होतं.

फूट यांचं म्हणणं खरं ठरलं ते प्रयोगशाळेत. लंडनचे फ्रेडरिक झॉयनर यांनी राख तपासली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ग. ग. मुजुमदार आणि शरद राजगुरू यांनी 1965 मध्ये कुपगलला खोदकाम करून तिथल्या थरांची चिकित्सा केली. गवत खाणाऱ्या जनावराच्या शेणात गवतातली सिलिका असते. भरपूर शेण साचून मोठी आग लागली, की राखेतल्या क्षारांमुळे ही सिलिका एरवीपेक्षा कमी उष्णतेला वितळते. साहेबांना लोखंडाची मळी वाटलेली काच ती हीच.

पण शेण आहे एवढं कळून भागत नाही. ते तिथे आलं कसं? याचं उत्तर उभ्या छेदात मिळालं. फ्रँक रेमंड ऑलचिन यांनी 1957 मध्ये तत्कालीन महबूबनगर जिल्ह्यातल्या उटनूरचा ढीग खोदला. (आदिलाबादकडचं उटनूर वेगळं.) राख एकाच वेळी ओतलेली नव्हती. शेणाचा थर, त्यावर जळलेला थर, पुन्हा शेण, पुन्हा जाळ. कुंपणाच्या खांबांचे खळगे रांगेने होते, आणि काही थरांवर गुरांच्या खुरांचे ठसेही होते. म्हणजे हा उकिरडा नव्हता, गोठा होता. गुरं कोंडायची, शेण साचू द्यायचं आणि काही काळाने सगळं पेटवायचं. ऑलचिन यांनी या आगीचा धागा दिवाळी, होळी, संक्रांतीच्या जाळांशी जोडला. म्हैसूर-मंड्या भागात आजही संक्रांतीला सजवलेली गुरं आगीवरून नेतात. चार हजार वर्षांचं अंतर एका उडीत पार करायला मी कचरतो, पण पुन्हा पुन्हा ठरवून लावलेली आग थरांत दिसते, हे नाकारता येत नाही.

ऑलचिन यांच्या 1963 च्या पुस्तकाच्या नावातच ही माणसं गुराखी ठरली. खोदायचा तो ढीग, आणि ढिगात गुरांशिवाय दुसरं काय मिळणार! गोठा खोदून शेताचा हिशोब लागत नाही.

डेक्कन कॉलेजच्या के. पद्दय्या यांनी बुदिहाळला ढिगाच्या बाजूला लक्ष वळवलं. तिथे वस्तीच्या खुणा होत्या आणि जनावरं कापण्याची एक जागाही होती. ढीग आणि गाव शेजारी शेजारी नांदत होते. मग बल्लारीजवळच्या संगनकल्लूला रवी कोरीशेट्टर, डोरियन फुलर आणि निकोल बॉइव्हिन यांच्या गटाने काम केलं. (बी. सुब्बाराव यांनी या गावाचा पुरातत्त्वीय अभ्यास 1940 च्या दशकातच, तोही डेक्कन कॉलेजमधूनच, सुरू केला होता.) तिथल्या एका टेकडीवर राखेचा थर खाली आणि गावाची माती वर, असा क्रम मिळाला. रेडिओकार्बनच्या तारखांनुसार राखेकडून गावाकडे हा बदल इ.स.पू. 1700 च्या आसपास झाला.

त्या मातीतून शेती बाहेर आली ती पाण्यामुळे. पद्धत अगदी साधी. थराथरातून मोजून माती घ्यायची, पाण्यात ढवळायची. जळून कोळसा झालेलं दाणं-बी वर तरंगतं, ते बारीक चाळणीत धरायचं, सुकवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायचं. कुदळीने खोदताना मुगाचा जळका दाणा हाती लागणं जवळजवळ अशक्य, त्यामुळे जुन्या उत्खननांत पीक ‘नव्हतं’ ते बरेचदा कोणी पाहिलंच नव्हतं म्हणून. ही चाळण हाती आली तेव्हा चित्र बदललं. हुलगा आणि मूग ही कडधान्यं, कर्नाटकात ज्याला कोरले म्हणतात ते बारीक धान्य आणि राळ्याच्या कुळातलं एक गवत, हा तिथला मुख्य आहार. गहू आणि जव आहेत, पण थोडे आणि बाहेरून आलेले. हुलगा, मूग, कोरले ही पावसावर येणारी पिकं आहेत. गव्हा-जवाला थंडीतली ओल हवी. तेव्हा दख्खनच्या या कोपऱ्यातली शेती सिंधूकडून उचललेली नक्कल नव्हती. तिचं मूळ इथल्या पावसाळ्यात आणि इथल्याच रानटी वाणांत होतं. मला या सगळ्या संशोधनात सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. शेतीचा उगम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गहू पिकवणारं मेहरगढ उभं राहतं. हुलग्याच्या पिठल्याला तो मान कोणी देत नाही.

एक कोडं मात्र खटकत राहतं. कोरडवाहू शेतकऱ्याला शेणखताची किंमत सांगावी लागत नाही. मग या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या एवढं शेण जाळून का टाकलं? रोगराई आणि गोचिडांचा बंदोबस्त, जागेची शुद्धी, की गुरांच्या कळपाचा बडेजाव, यांतलं काहीही असू शकतं. छेदावरून आग केव्हा लागली ते कळतं, कशासाठी लावली ते नाही. शेतांचे तुकडे सापडले असते, तर त्यांतल्या फॉस्फेटवरून खत घातलं होतं का ते तपासता आलं असतं. पण टेकड्यांच्या उतारावरची माती वाहून जाते, आणि गावाची माती फक्त काय शिजलं ते सांगते.

ही राख नंतर शेतकऱ्यांच्या उपयोगी पडलीच. आपल्याकडे ओसाड गावाच्या पांढरीची माती गाडीत भरून शेतात पसरतात, तशी इथल्या ढिगांची राखही खत म्हणून शेतांत गेली. संगनकल्लू-कुपगलच्या टेकड्यांना दगडखाणींनी वेढलं. बल्लारीत फूट यांच्या नावाचं संग्रहालय उभं आहे. तिथे दगडी कुऱ्हाडी ठेवता येतात, मडकी ठेवता येतात. उभा छेद मात्र उचलून नेता येत नाही, आणि गोठ्यानंतर गाव वसलं हे त्या छेदाशिवाय कळलंच नसतं.