वाघ दिसो न दिसो, पैसे आधीच गेलेले

नागपूरहून वरोरा-भद्रावतीमार्गे मोहर्लीकडे निघालेल्या पर्यटकाच्या खिशात आजकाल बहुधा फोनच असतो. ताडोबाच्या सफारीचे पैसे त्याने कधीच ऑनलाइन भरलेले असतात, रिसॉर्टच्या खोलीचेही. जिप्सीत बसेपर्यंत मोठा खर्च होऊन गेलेला असतो आणि बराचसा विसरलाही गेलेला असतो. हे विसरणं पर्यटन व्यवसायाच्या पथ्यावर पडतं.

1950 साली स्पेनच्या मायोर्का बेटावर 'क्लब मेड' या पर्यटन संस्थेची पहिली समुद्रकिनारी वसाहत सुरू झाली. पोहण्याच्या कपड्यांना खिसे कुठले? पुढे या क्लबने पाहुण्यांना मण्यांची माळच दिली. बारमध्ये पेय घ्यायचं आणि माळेतले मणी काढून द्यायचे. अडचण खिशाची होती, फायदा मात्र गल्ल्याचा झाला, कारण मणी देताना हात आखडत नाही.

तो का आखडत नाही, याचा शोध मानसशास्त्राने नंतर घेतला. ड्राझन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेनस्टीन यांनी 1998 मध्ये मांडलं, की पैसे देताना माणसाला खरोखरीची टोचणी लागते आणि ती उपभोगाचा आनंद कमी करते. पैसे आधीच दिलेले असले, तर तीच गोष्ट जवळजवळ फुकट वाटते. प्रेलेक यांनी डंकन सिमेस्टर यांच्यासोबत 2001 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग तर मासलेवाईक आहे. विद्यार्थ्यांसमोर बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांचा लिलाव ठेवला. काहींना सांगितलं, पैसे रोख द्या. काहींना सांगितलं, कार्डाने द्या. कार्डवाल्यांच्या बोली रोखवाल्यांच्या सुमारे दुप्पट निघाल्या. तिकीट तेच, सामना तोच!

ताडोबात याचा पडताळा घ्यायला प्रयोगशाळा नको. सफारीवर हजारो रुपये घालवून वाघाविना परतलेला माणूस थोडा हळहळतो आणि मोर, सांबर, रानकुत्र्यांच्या गोष्टी सांगू लागतो. पैसे भरल्याला जितके दिवस लोटतात, तितकी त्यांची बोच कमी होते. तोच माणूस गेटबाहेर पाण्याची बाटली पाच रुपयांनी महाग मिळाली, तर हुज्जत घालतो. हे पैसे आत्ता, समोर, हातातून जाणार असतात ना!

पण असे किरकोळ पैसेही आता फोनवरूनच जाऊ लागले आहेत. एप्रिल 2016 मध्ये यूपीआय आलं आणि ऑगस्ट 2025 मध्ये महिनाभरातले व्यवहार दोन हजार कोटींच्या वर गेले. टपरीवर चिकटवलेला क्यूआरचा कागद म्हणजे निव्वळ पत्ता. त्याला वीज लागत नाही, नेटवर्कही नाही. रेंज लागते ती गिऱ्हाइकाच्या फोनला. त्याच्या बँकेतून निरोप राष्ट्रीय देयक महामंडळाकडे, तिथून दुकानदाराच्या बँकेकडे आणि उत्तर उलट्या वाटेने परत, असा सगळा प्रवास काही सेकंदांत व्हावा लागतो. 'इतके रुपये प्राप्त झाले' म्हणून ओरडणाऱ्या डबीतही सिमकार्ड असतं. म्हणजे जंगलाकाठी रेंज गेली, की देणारा फोन हवेत धरून फिरतो आणि घेणाऱ्याची डबी मुकी. खात्यातून रक्कम गेली पण दुकानदाराला पोचली नाही, तर ती पाच दिवसांत परत करावी, नाहीतर दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे. गिऱ्हाइकासाठी नियम चांगलाच आहे. पण चहावाल्याला संध्याकाळी दूध घ्यायचं असतं आणि गिऱ्हाईक तोवर नागपूरला पोचलेलं असतं.

खरी गंमत गाभा क्षेत्रात आहे. तिथे पर्यटकांना मोबाइल नेता येत नाही. बंदी योग्यच. वाघ दिसल्याचा निरोप फोनवरून गेला, की जिप्स्यांची गर्दी होते आणि जनावर कोंडलं जातं. पण सफारी संपते तेव्हा गाईड आणि चालक समोर असतात, मन भरलेलं असतं, बक्षिसी द्यावीशी वाटते आणि खिसा रिकामा असतो. 'नंतर फोनपे करतो' म्हणून माणूस उतरतो. खोलीवर जाऊन आंघोळ, जेवण होईतो मघाची ऊब ओसरते. देणं राहून जातं किंवा कमी होतं. बिनरेंजचं यूपीआय आलं आहे खरं, पण त्यालाही फोन लागतोच.

म्हणून रिसॉर्ट खुशाल कॅशलेस होवोत, त्यांना ते परवडतं. सफारीला निघताना मात्र शंभराच्या चार-पाच नोटा जवळ ठेवाव्यात, आणि त्या वाघ दिसला नाही तरी द्याव्यात. गाईडने पहाटेपासून पगमार्क शोधलेले असतातच.