आम्हाला सुतक नाही

पुण्यात ब्युरोमार्फत घरोघरी म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या बायकांच्या तोंडी एक वाक्य कायम असतं: पेशंट गेला, ड्युटी गेली. बाहेरच्याला ते कोरडं वाटतं, पण त्यात सरळ हिशेब आहे. पैसे रोजावर मिळतात. बारा तासांचा दर वेगळा, चोवीस तासांचा वेगळा, आणि त्यातून ब्युरोचं कमिशन जातं. आजोबा पहाटे चारला गेले तर त्या दिवसाचा रोज धरायचा की नाही, यावरही फोनाफोनी होते. दुपारपर्यंत दुसऱ्या घरचा पत्ता मोबाइलवर येतो. घरातल्यांना दहा-तेरा दिवसांचं सुतक असतं. ज्या बाईनं वर्षभर त्या माणसाला भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं, तिला संध्याकाळच्या ड्युटीवर हजर व्हायचं असतं.

मी मूळची मंठाळची, बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याण तालुक्यातली. आमच्याकडं त्याला नुसतं कल्याण म्हणतात. हैदराबाद-सोलापूर-पुणे रस्ता आमच्या अंगावरूनच जातो. त्या रस्त्यानं बाप्ये गवंडीकामाला गेले, पोरं कंपनीत गेली आणि आमच्यासारख्या काही जणी या कामाला. कुणाचा नवरा गेलेला, कुणाला नांदवत नाहीत, कुणाची तूर दोन वर्षं हातची गेलेली. मराठी, कन्नड आणि थोडी दखनी तिन्ही येत असल्यानं पुण्यातल्या मराठी घरात आणि सोलापूरच्या कानडी घरात आमचं सारखंच भागतं. आता मी गावी परत आले आहे. इथंही काम तेच आहे, कारण पोरं पुण्या-हैदराबादला आणि आई-बाप मंठाळात, ही आमच्याकडच्या बऱ्याच घरांची गत.

माणसावर जीव कसा जडतो, ते या कामातच कळतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. एअर मॅट्रेस असली तरी द्यावी लागते. माकडहाड, टाचा, घोटे आणि नितंबांची बाजू इथं हाडावर मांस उरलेलं नसतं. चामडी लाल झाली आणि बोटानं दाबल्यावरही लाली तशीच राहिली, तर जखम व्हायच्या वाटेवर आहे. मग दोन तासांचे दीड करायचे. कूस बदलताना ओढायचं नसतं, नाही तर चामडी सोलते. खालच्या चादरीसकट उचलून सरकवायचं. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि आपला गुडघा पलंगाला टेकलेला. दिवसातून दहा-बारा वेळा असा एखादा देह छातीशी घेतला की त्याचं वजन हाताला पाठ होतं. महिन्याभरात ते कमी होत चाललेलंही हातालाच आधी कळतं. डॉक्टर वजनकाट्यावर घ्यायला सांगतात तेव्हा मी मनात म्हणते, मला विचारा.

शेवटची लक्षणंही अशीच अंगावरून कळतात. आधी खाणं सुटतं. नातेवाईक चमच्यानं पाणी पाजायचा हट्ट धरतात आणि ते पाणी फुप्फुसात जातं. अशा वेळी कापसाचा बोळा भिजवून ओठ आणि जीभ ओली ठेवायची असते. मग पावलं गार पडतात, गुडघ्यांवर निळसर जाळी दिसते. श्वास मोठा होत जातो, मग लहान होत जातो, मग थांबतो. घरातले धावत येतात आणि तो पुन्हा सुरू होतो. घशात घरघर लागते. ती ऐकणाऱ्यालाच जास्त छळते. पेशंटला कुशीवर घेऊन डोकं जरा उंच केलं की बऱ्याचदा कमी होते. या टप्प्याला घरात एकच वाद पेटतो: सोलापूरला हलवायचं का? का कलबुर्गीला, का हैदराबादला? नव्वदीच्या अज्जीला व्हेंटिलेटर लावायचा का, हे ठरवायला तीन गावांतले तीन मुलगे स्पीकर फोनवर भांडतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला, २०२३ मध्ये त्याचे नियम सोपे केले आणि जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटकाच्या आरोग्य खात्यानं त्यासाठी आदेशही काढला. पण मंठाळच्या माजघरात तो कुणी वाचलेला नसतो. ज्याचा आवाज मोठा त्याचं चालतं. मला कुणी विचारत नाही आणि मीही आपणहून बोलत नाही. फक्त दुखतंय का एवढं पाहते. दुखत असेल तर मात्र गप्प राहत नाही. मॉर्फिन मिळणं सोपं व्हावं म्हणून २०१४ मध्ये कायदा बदलला, तरी आमच्या बाजूला कॅन्सरच्या म्हाताऱ्याला ते मिळवायला मोठं शहर गाठावं लागतं. केरळात २००८ पासून सरकारी धोरणानं घरी जाऊन वेदना कमी करणारी माणसं तयार झाली. आमच्या तालुक्यात ते काम पॅरासिटामॉलवर चाललंय.

माणूस गेला की मी आधी घड्याळ बघते. कठोरपणानं नव्हे. त्या खोलीत बऱ्याचदा मी एकटीच जागी असते आणि पुढं सगळे मलाच विचारणार असतात, किती वाजता? ती वेळ डॉक्टरांच्या दाखल्यावर जाते, नोंदणीला जाते, आणि पंचक लागलंय का हे बघायला पंचांगवाल्याकडंही जाते. मग डोळे मिटवायचे. पापण्यांवर ओला कापूस ठेवून थोडं थांबायचं. हनुवटीखालून पट्टी घेऊन डोक्यावर गाठ मारायची, कारण ताठपणा जबड्यापासून सुरू होतो आणि दोन-तीन तासांत जाणवायला लागतो. आमच्या उन्हाळ्यात त्याहून लवकर. नळी, कॅथेटर काढायचं, अंग पुसायचं, पायाचे अंगठे बांधायचे.

लिंगायत घर असेल तर घाई वेगळी. तिथं बसवून पुरतात. हातपाय ताठायच्या आत मांडी घालून, भिंतीला टेकवून बसवावं लागतं. कपाळाला विभूती, डाव्या हातात इष्टलिंग. पुण्याच्या पलंगावर मी माणसं सरळ केली आणि मंठाळात मांडी घालून बसवली. बसवलेलं माणूस जास्त अवघड. ते भजनाच्या मध्ये बसलेलं असतं, चेहरा उघडा, आणि येणारा जाणारा त्याच्याशी बोलतो. नवी पोरगी असेल तर घाबरते. मी तिला पाठीमागून आधार धरायला लावते. हाताला काम असलं की भीती कमी होते, हे मला मोठ्या बायकांनीच शिकवलं.

माझं म्हणणं इथंच आहे. मरण पाहून आम्ही मोडत नाही. मोडतो ते शेवटचं काम हातातून काढून घेतलं की. वर्षभर मलमूत्र काढायला जी बाई चालली, ती जीव जाताच परकी होते. तुम्ही आता बाहेर बसा, आमची माणसं आंघोळ घालतील. कधी यात जात असते. गेल्या रात्रीपर्यंत जिच्या हातची पेज चालली, तिचा हात आता मेलेल्या अंगाला चालत नाही. कधी नुसतं आपलं-परकं असतं. मुसलमान घरात गुस्ल, म्हणजे शेवटची आंघोळ, त्यांच्याच बायका देतात. तिथं ते रीतीचं आहे, आधीपासून ठाऊक असतं आणि त्याचं वाईट वाटत नाही. उलट एका घरच्या सुनेनं मला दाराशी बसवून सगळं पाहू दिलं. वाईट वाटतं ते पुण्यातल्या एका फ्लॅटमध्ये झालं त्याचं. आजी गेल्या, नातलग आले, मला स्वयंपाकघरात चहाला लावलं आणि तिरडी लिफ्टनं खाली गेली तेव्हा मी चाळीस कप विसळत होते. निघताना एक बाई म्हणाल्या, बॅग जरा दाखवून जा. त्या आजींना मी अजून विसरले नाही. ज्यांना मी स्वतः आंघोळ घातली, नेसवलं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणी आता फक्त नावानं आठवतात.

याला शास्त्रात नाव आहे म्हणे. केनेथ डोका नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९८९ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. समाज ज्याला दुःख करायचा हक्कच देत नाही, त्याचं दुःख. मावशी, आया, वॉर्डबॉय यांचं तेच आहे. आम्ही नातेवाईक नव्हे, आणि नोकर म्हणावं तर नोकरीही त्याच दिवशी संपलेली.

मग बायका आपापला मार्ग काढतात. कुणी ड्युटी संपवून रूमवर आली की डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय कुणाशी बोलत नाही. मालकाच्या घरात रडायचं नाही, बसमध्ये रडायचं, असा अलिखित नियम आहे. सोलापूर बसची मागची सीट त्यासाठी बरी. काही जणी दुसऱ्या दिवशी नवीन घर घेतच नाहीत, रोज बुडाला तरी चालेल म्हणतात. माझी एक मैत्रीण नवीन पेशंटला पहिले आठ दिवस नावानं हाक मारत नाही, नुसतं आजी म्हणते. पण तिचं हे टिकत नाही. नवव्या दिवशी ती त्या आजीच्या केसांना तेल लावत असते. रात्री अकरानंतर आमचे फोन चालतात. त्यात मेलेल्यांच्या तक्रारीच जास्त असतात: किती चिडायचा, दात कुठं लपवायचा, मुलीनं आणलेलं सफरचंद मला द्यायचा आणि मीच खाल्लं म्हणून मुलीला सांगायचा. हसता हसता कुणीतरी गप्प होतं, आणि दुसरी विचारते, जेवलीस का?

मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ मध्ये सुरू झालं. मरणाच्या दारातल्या कॅन्सर रुग्णांसाठी देशातलं ते पहिलं ठिकाण, म्हणजे हॉस्पिस. या सगळ्या हॉस्पिस चळवळीची आई लंडनची सिसिली सॉन्डर्स. तिची गोष्ट मला या कामाच्या कोर्समध्ये कळली. पोलंडहून आलेला डेव्हिड तास्मा नावाचा तिचा रुग्ण १९४८ मध्ये कॅन्सरनं गेला आणि जाताना तिच्या नावे पाचशे पौंड ठेवून गेला. तिनं ते दुःख एकोणीस वर्षं हाताशी धरून १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभं केलं. ती नर्स होती, पुढं डॉक्टर झाली. आमच्यातली बाई डॉक्टर होणार नाही. पण एका मेलेल्या पेशंटची आठवण कामाला लावता येते, एवढं मी त्यातून घेतलं. एका अज्जीला पाठीवर जखम झाली होती. माझ्या आधीच्या बाईच्या वेळेची. त्या जखमेचं ड्रेसिंग करताना अज्जी कन्नडात ओरडायची. सून लातूरकडची, तिला कळायचं नाही. नीरु, नीरु, म्हणजे पाणी, एवढंच. आयुष्यभर मराठी बोललेली बाई शेवटी माहेरच्या बोलीत गेली होती. तेव्हापासून कुठल्याही म्हाताऱ्या बाईकडं गेले की आधी विचारते, माहेर कुठलं?

गावी परत आल्यावर एक फरक जाणवला. इथं जात जास्त आडवी येते, पण माणूस सोडून देत नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलावणं येतं, दिवसांच्या जेवणाला पान मांडतात, कुणी लुगडं देतं. लुगड्याचं मोल नाही. पण चार बायकांत कुणीतरी म्हणतं, हिनं केलं हो सगळं. एवढ्यानं पुढच्या घरी जाता येतं. शहरात ब्युरोवाल्यांनी एवढं तरी करावं असं मला वाटतं: पेशंट गेला की त्या दिवसाचा पूर्ण रोज आणि दुसरा दिवस सुट्टीचा, पगारी. आणि घरच्यांनी अंत्यसंस्काराला चल म्हणावं. जायचं की नाही ते आम्ही बघू.

आता मी कुठलीही ड्युटी घेताना पहिल्याच दिवशी घरच्यांना चार गोष्टी विचारून वहीत लिहिते. काही झालं तर आधी कुणाला फोन, दवाखान्यात न्यायचं की नाही, दहन का दफन, आणि शेवटच्या आंघोळीला मला राहू देणार का. बहुतेकांना राग येतो. मागच्या महिन्यात एका अप्पांच्या मुलानं आवाज चढवला, आत्ताच हे अभद्र कशाला? आतल्या पलंगावरून अप्पाच खेकसले, "तिला लिहू दे. नवं धोतर ट्रंकेत आहे, ते नेसवायचं. आणि याला विचारू नको, याला ट्रंकेची किल्ली कुठं असती ते पण ठाऊक नाही."

किल्ली देवळीत होती. मी वहीत लिहून ठेवली.