एसबीआयचा म्युच्युअल फंड देशात एक नंबर कसा झाला? यात तुमच्या पीएफचाही हात आहे

पगाराची स्लिप आली की आपण दोनच आकडे बघतो, हातात किती आले आणि पीएफ किती कापला. कापलेल्या पीएफचं पुढे काय होतं, हे फारसं कुणी विचारत नाही. पण त्यातला एक हिस्सा शेअर बाजारात जातो, आणि तो तिथे नेणाऱ्या कंपन्यांमध्ये पहिलं नाव होतं एसबीआय म्युच्युअल फंडाचं.

आज हा देशातला सर्वात मोठा म्युच्युअल फंड आहे. २०२४ मध्ये तो सांभाळत असलेली रक्कम १० लाख कोटी रुपयांच्या पुढे गेली. एका सरकारी बँकेची ही शाखा एवढी मोठी कशी झाली आणि त्यात तुमच्या कामाचं काय आहे, ते समजून घेऊ.

सुरुवात कधी झाली?

१९८७ पर्यंत भारतात म्युच्युअल फंड म्हणजे फक्त यूटीआय. त्या वर्षी सरकारी बँकांना या धंद्यात यायची परवानगी मिळाली आणि पहिला नंबर लावला स्टेट बँकेने. १९९२ मध्ये हे काम पाहण्यासाठी एसबीआय फंड्स मॅनेजमेंट ही वेगळी कंपनी स्थापन झाली. तिचं मुख्यालय मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आहे.

२००४ मध्ये फ्रान्सच्या सोसिएते जनरालने कंपनीत ३७ टक्के हिस्सा घेतला. पुढे तो हिस्सा अमुंडी या फ्रेंच कंपनीकडे गेला. आज सुमारे ६२ टक्के मालकी स्टेट बँकेकडे आणि ३६ टक्क्यांच्या आसपास अमुंडीकडे आहे.

पण सुरुवात लवकर झाली म्हणून कुणी एक नंबर होत नाही. नव्वदच्या दशकात इतर सरकारी बँकांनीही फंड काढले, त्यातले काही नंतर विकले गेले. एसबीआयच्या मदतीला तीन गोष्टी आल्या.

पहिली गोष्ट : शाखा

स्टेट बँकेच्या २२ हजारांहून जास्त शाखा आहेत. १ एप्रिल २०१७ ला पाच सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँक तिच्यात विलीन झाल्या. मराठवाड्यात गावोगावी असलेल्या स्टेट बँक ऑफ हैदराबादच्या शाखाही त्या दिवसापासून ‘एसबीआय’ झाल्या. दुसऱ्या कंपनीला ग्राहक शोधत फिरावं लागतं. इथे ग्राहक पासबुक भरायला स्वतःच येतो, आणि त्याचा बँकेवर आधीच विश्वास असतो.

दुसरी गोष्ट : पीएफ

ऑगस्ट २०१५ मध्ये ईपीएफओने पहिल्यांदा शेअर बाजारात पैसे घालायला सुरुवात केली. थेट शेअर न घेता ईटीएफ घ्यायचं ठरलं, म्हणजे निफ्टी किंवा सेन्सेक्समधल्या सगळ्या कंपन्यांची एकत्र टोपली. हे काम आधी एसबीआय म्युच्युअल फंडाला मिळालं, पुढे यूटीआयलाही. गुंतवणुकीसाठी येणाऱ्या नव्या रकमेतला आधी ५ टक्के, मग १० आणि २०१७ पासून १५ टक्के हिस्सा ईटीएफमध्ये जाऊ लागला.

पीएफ दर महिन्याला कापला जातो, बाजार वर असो की खाली. त्यामुळे हा ओघ आटत नाही.

तिसरी गोष्ट : एसआयपी

२०१७ च्या ‘म्युच्युअल फंड सही है’ मोहिमेनंतर एसआयपी हा शब्द घराघरात पोहोचला. त्याचा फायदा सगळ्याच कंपन्यांना झाला, पण ज्यांच्या शाखा गावात होत्या त्यांना जास्त. २०२० च्या सुरुवातीला एसबीआयने एचडीएफसी म्युच्युअल फंडाला मागे टाकत पहिला क्रमांक घेतला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर २५० रुपयांची ‘जननिवेश’ एसआयपी आली.

बँकेला यातून काय मिळतं?

बँक कर्ज देते तेव्हा ते बुडायची भीती बँकेला असते. म्युच्युअल फंडात पैसा तुमचा आणि नुकसानही तुमचं. कंपनी फक्त सांभाळायची फी घेते. १० लाख कोटींवर १०० रुपयांमागे वर्षाला १० पैसे जरी धरले, तरी १,००० कोटी रुपये होतात.

अर्थात प्रत्येक रुपया सारखी कमाई देत नाही. पीएफचा पैसा ज्या ईटीएफमध्ये जातो, त्यांची फी नाममात्र असते. जास्त फी मिळते ती सामान्य माणूस घेतो त्या इक्विटी योजनांमधून. या पैशामुळे आकडा मोठा दिसतो, पण नफ्यासाठी शाखेत येणारा ग्राहकच महत्त्वाचा.

आता नोव्हेंबर २०२५ मध्ये स्टेट बँकेने जाहीर केलं की, ती आणि अमुंडी मिळून कंपनीचा १० टक्के हिस्सा आयपीओतून विकणार आहेत. एसबीआय लाइफ आणि एसबीआय कार्डनंतर शेअर बाजाराची वाट धरणारी ही तिसरी उपकंपनी.

मग तुम्ही काय लक्षात ठेवायचं?

एक, नाव बँकेचं असलं तरी ही एफडी नाही. बँकेतल्या ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, म्युच्युअल फंडाला नसतं.

दोन, शाखेतून घेतलेली योजना ‘रेग्युलर’ असते. त्यात बँकेला कमिशन मिळतं, आणि ते तुमच्याच पैशातून, दरवर्षी जातं. तीच योजना फंडाच्या वेबसाइटवर ‘डायरेक्ट’ प्रकारात मिळते, १ जानेवारी २०१३ पासून.

हा फरक किती पडतो? समजा ५,००० रुपयांची एसआयपी २० वर्षं चालली. १२ टक्के परतावा धरला तर जवळपास ५० लाख होतात. खर्चामुळे तोच परतावा ११ टक्क्यांवर आला, तर ४३ लाख ७० हजारांच्या आसपास. म्हणजे एका टक्क्याने सहा लाखांहून जास्त गेले.

तीन, फंड सर्वात मोठा आहे म्हणून त्याची प्रत्येक योजना सर्वात चांगली असेल, असं नाही. आकार शाखांनी आणि पीएफने वाढवलाय. योजना चांगली आहे की नाही, हे तिचा खर्च आणि मागची कामगिरी बघूनच ठरवावं लागतं.

त्यामुळे पुढच्या वेळी काउंटरवरून ‘साहेब, एक एसआयपी करून टाका’ असं ऐकू आलं, तर दोनच प्रश्न विचारा. ही रेग्युलर आहे की डायरेक्ट? आणि वर्षाचा खर्च किती टक्के? उत्तर मिळेपर्यंत सही करायची घाई नको.