विकत घेतलेले चित्र आणि स्वतःची निर्मिती

ग्रामपंचायतीच्या स्वच्छता मोहिमेचा फलक असो वा शाळेच्या वार्षिक अंकाचे मुखपृष्ठ असो, ही कामे आता बहुतांशी संगणकावर होतात. झाड, बैलजोडी, शाळकरी मुले अशी तयार चित्रे अल्प मोबदल्यात विकत मिळतात. ती जुळवून फलक सिद्ध होतो आणि करणारा त्याखाली चित्रकार म्हणून स्वतःचे नाव घालतो. पैसे दिले म्हणून चित्र आपले झाले काय, हा एक प्रश्न. आणि कितपत बदल केल्यावर ती आपली निर्मिती ठरते, हा दुसरा. या दोहोंची गल्लत झाली म्हणजे वाद उद्भवतात.

मोबदला कशाचा?

चित्र विकत घेणाऱ्यास सामान्यतः त्याची प्रत आणि ती ठरावीक रीतीने वापरण्याची अनुमती मिळते. प्रताधिकार, म्हणजे कृतीवरील स्वामित्वहक्क, त्याच्या मूळ धन्याकडेच राहतो. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार हा हक्क लेखी करारानेच दुसऱ्याकडे जातो. हक्क दिल्यानंतरही कृतीचे कर्तेपण सांगण्याचा, तसेच आपल्या प्रतिष्ठेस बाध आणणाऱ्या विकृतीस हरकत घेण्याचा विशेष अधिकार कलम ५७ अन्वये कलावंताकडे उरतो. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातील भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरविण्यात आले व त्याची हानी झाली. शिल्प शासनाच्या मालकीचे होते. तरीही २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याचे अवशेष शिल्पकारास परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला.

स्वतःचे ते कोणते?

मौलिकतेची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या प्रकरणात स्पष्ट केली. न्यायनिर्णयांतील मुद्रणदोष सुधारणे, एवढ्याने संपादकास हक्क मिळत नाही. मात्र जाणकारीने परिच्छेद पाडून त्यांना क्रमांक देणे, यात त्याची निर्णयबुद्धी दिसते, असे न्यायालयाने मानले. केवळ श्रम व पैसा पुरेसा नाही, किमान सर्जनशीलता हवी, हे त्याचे सार होय. हाच न्याय चित्रास लावला तर रंग पालटणे, आकार लहानमोठा करणे, डावे चित्र उजवे करणे ही निर्मिती नव्हे. अनेक चित्रांतून निवड करून, स्वतःचे रेखन घालून, मूळ चित्रांत नसलेला आशय उभा केला, तर त्या नव्या भागापुरती रचना आपली म्हणता येईल.

नवे झाले तरी मूळचा हक्क

परंतु नवेपणाने मूळ हक्क पुसला जात नाही. अमेरिकेत १९८४ साली एका मासिकाने लिन गोल्डस्मिथ यांनी काढलेले गायक प्रिन्स यांचे छायाचित्र, चित्रासाठी आधार म्हणून एकदाच वापरण्याकरिता ४०० डॉलर देऊन घेतले. त्यावरून अँडी वॉरहॉल यांनी एक नव्हे, सोळा कृती केल्या. २०१६ मध्ये त्यांतील दुसरी कृती मासिकाच्या विशेषांकावर छापली गेली. त्याबद्दल वॉरहॉल प्रतिष्ठानास १०,००० डॉलर मिळाले. छायाचित्रकर्तीस काहीच मिळाले नाही. १८ मे २०२३ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी तिच्या बाजूने कौल दिला. मूळ छायाचित्र व नवी कृती या दोहोंचा उपयोग येथे एकाच हेतूने, मासिकात गायकाचे चित्र छापण्यासाठी झाला. तेव्हा केवळ शैली निराळी असणे पुरेसे नाही, असे बहुमत पडले.

घ्यावयाची दक्षता

चित्र घेताना अनुमतीच्या अटी वाचून त्यांची प्रत दफ्तरी ठेवावी. फलकाकरिता घेतलेले चित्र बोधचिन्ह म्हणून किंवा विक्रीच्या वस्तूंवर वापरता येते काय, हे आधी पाहावे. स्पर्धेस कृती पाठविताना कोणता भाग विकतचा आणि कोणता स्वतःचा, हे नमूद करावे. शिक्षकांनी ही सवय विद्यार्थ्यांस शाळेतच लावल्यास उत्तम. दुसऱ्याच्या कलेचे ऋण मान्य केल्याने आपल्या कलेस उणेपणा येत नाही. उलट आपला वाटा किती, हे त्यामुळेच निःशंकपणे सांगता येते.