काटा कुठून फुटतो ते पाहा

पाने बारीक आणि फांदीला काटे दिसले की झाड बाभळीचे, असे ठरवून मोकळे होण्याची सवय अनेकांना असते. जोधपूरहून जैसलमेरकडे जाताना रस्त्याकडेची सगळी काटेरी हिरवळ मग एकाच नावाखाली जाते. प्रत्यक्षात थारमधल्या या काटवणात निदान तीन वेगळ्या वनस्पती सहज भेटतात: बाभूळ, खेजडी आणि विलायती बाभूळ. यातली खेजडी महाराष्ट्राला परकी नाही. दसऱ्याला पुजली जाणारी शमी ती हीच, आणि गावाकडे तिलाच सौंदड म्हणतात. विलायती बाभूळ म्हणजे आपल्याकडे ओढ्याकाठी आणि पडीक रानात माजलेली वेडी बाभूळ.

विलायती बाभूळ ही बाभळीचीच परदेशी जात, हा सर्वांत रुळलेला गैरसमज. फुले पाहिली की तो टिकत नाही. बाभळीला पिवळेधमक गोल गोंडे येतात. विलायतीला फिकट पिवळे, लांबट तुरे. भिंगाखाली एकेक फूल धरले तर बाभळीच्या फुलात पुंकेसरांचा दाट झुबका दिसतो, विलायतीच्या फुलात फक्त दहा. शेंगाही निराळ्या. बाभळीची शेंग प्रत्येक बीजाशी आवळलेली, माळेसारखी. विलायतीची जाडसर, चपटी, पिकल्यावर पिवळी आणि गोड.

मग ती खेजडीची सख्खी बहीण का? वनस्पतिशास्त्रातही बराच काळ दोघींना प्रोसोपिस या एकाच प्रजातीत ठेवले जात होते, त्यामुळे या समजुतीचा दोष सामान्य माणसाला देता येत नाही. 2022 मध्ये मात्र अभ्यासकांनी ही प्रजाती फोडली. खेजडी प्रोसोपिस सिनेरारिया म्हणून जागीच राहिली. अमेरिकेकडच्या बऱ्याच जाती, त्यांत ही विलायतीही, नेल्टुमा या वेगळ्या प्रजातीत गेल्या. दोघींचे नाते आहे, पण वाटते त्यापेक्षा बरेच लांबचे.

रानात ओळख पटवताना बहुतेक जण पानांकडे किंवा उंचीकडे पाहतात, आणि तिथेच फसतात. दोघींची पाने दुहेरी पिसासारखी, दोघींचे तुरे पिवळसर. खेजडी खरे तर वृक्ष आहे. पण चाऱ्यासाठी तिच्या फांद्या दरवर्षी छाटल्या जातात, शेळ्या कोवळे फुटवे खातात, आणि मग ती झुडपासारखी खुरटी दिसते. विलायती बुडापासूनच अनेक खोडांनी पसरते, तरी चांगल्या जमिनीत तिचेही झाड होते. म्हणून बोटभर फांदी हातात घ्यावी आणि काटा कुठून फुटतो ते पाहावे. खेजडीचे काटे आखूड, बुडाशी रुंद, आणि दोन पेरांच्या मधल्या भागावर विखुरलेले असतात. विलायतीचे काटे लांब, आणि पान जिथून निघते त्या पेरावरच, एकेकटे किंवा जोडीने. बाभळीचेही पेरावर जोडीनेच असतात, सरळ आणि बहुधा पांढरट. तिथे फुलांची मदत घ्यावी. कधी कधी काटे अगदीच कमी असलेली झाडे भेटतात. अशा वेळी शेंग कामाला येते: खेजडीची सांगरी बारीक, जवळजवळ गोल आणि लोंबती. मारवाडातल्या कैर-सांगरीच्या भाजीतली सांगरी ती हीच.

विलायती थारमध्ये इतकी दिसते की ती तिथलीच वाटते. तिचे मूळ मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटे आणि दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग. 1877 च्या सुमारास तिचे बी भारतीय उपखंडात आले. 1940 मध्ये जोधपूर संस्थानाने तिला राजवृक्षाचा मान दिला, आणि 1960 च्या दशकात कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात खाऱ्या जमिनीची आगेकूच रोखण्यासाठी तिची लागवड झाली. आज त्याच बन्नीत तिने गवताची मोठी जागा व्यापली आहे, आणि ती जागा परत मिळवणे मालधारी पशुपालकांसाठी जगण्याचा प्रश्न आहे.

जनावरे खातात म्हणजे ती आटोक्यात राहील, हा हिशेबही उलटा पडतो. तिची पाने गुरे सहसा तोंडात घेत नाहीत. खातात त्या गोड शेंगा. कठीण कवचाचे बी पोटातून शाबूत बाहेर पडते आणि शेणाबरोबर नव्या कुरणात रुजते. वरून तोडल्यानेही ती जात नाही, उरलेल्या बुंध्यातून पुन्हा फुटवे येतात. खेजडीचे वागणे नेमके विरुद्ध. तिचा पाला, ज्याला राजस्थानात लूंग म्हणतात, उंट-शेळ्यांचा उत्तम चारा आहे. मुळे खोल जातात, आणि तिच्याखाली बाजरी चांगली येते म्हणून शेतकरी ती शेतात राखतात. म्हणूनच विलायती काढण्याच्या मोहिमेत काटेरी म्हणून एखादी खेजडीही तोडली गेली, तर नुकसान थेट शेताचे होते.

शहरांतल्या रोपवाटिकांत आणखी एक घोळ आहे. शमी म्हणून पुष्कळदा सिगमकाटीचे रोप विकले जाते. तिचा तुरा दुरंगी असतो, अर्धा गुलाबी आणि अर्धा पिवळा, तर शेंगांचे वेडेवाकडे पिळलेले झुबके होतात. शमीचा तुरा एकरंगी. रोप लहान असेल आणि फुले नसतील, तरी काटा पुन्हा उपयोगी पडतो: सिगमकाटीचा काटा म्हणजे टोकदार झालेली छोटी फांदीच, त्यामुळे त्याच्या अंगावर पानेही फुटलेली सापडतात. शमीच्या काट्यावर पान कधीच येत नाही.