तिबेटी रक्तातली उसनवारी

लेहला विमानाने उतरलेल्या पर्यटकाला पहिले एक-दोन दिवस खोलीत पडून राहायला सांगतात. तिथल्या हवेतही ऑक्सिजन पुण्या-मुंबईइतकाच, म्हणजे २१ टक्के असतो. पण साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्केच भरतो, त्यामुळे दर श्वासाला ऑक्सिजनचे रेणू कमी मिळतात. डोकं ठणकतं, चार पायऱ्या चढल्या की धाप लागते. मुक्काम लांबला, की मूत्रपिंडांतून सुटणाऱ्या एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकामुळे अस्थिमज्जा तांबड्या पेशी वाढवत नेते आणि काही आठवड्यांत हिमोग्लोबिन चढतं.

नळाला पाणी कमी येतं म्हणून घरात हंडे वाढवत जावेत, तसा हा उपाय. थोडे दिवस निभावतं, पुढे हंड्यांचीच अडचण व्हायला लागते. पेशींची दाटी झाली की रक्त घट्ट होतं, हृदयाला ते रेटावं लागतं, गुठळ्या होण्याची भीती वाढते. पेरूतले डॉक्टर कार्लोस मोंगे यांनी १९२५ मध्ये अँडीज पर्वतातल्या अशा आजाराचं वर्णन केलं: जांभळे पडलेले ओठ, सततची डोकेदुखी, कानात आवाज. रुग्णाला डोंगराखाली आणलं की त्रास ओसरतो. पण ज्याचं घरदार आणि खाणीतली नोकरी चार हजार मीटरवर आहे, त्याने खाली येऊन करायचं काय? आणि ही माणसं काही काल-परवा वर गेलेली नाहीत, अँडीजमध्ये त्यांच्या पूर्वजांनी हजारो वर्षं काढली आहेत.

अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ सिंथिया बील यांनी तिबेटी आणि अँडीजवासी लोकांची रक्ततपासणी शेजारी-शेजारी ठेवली. साधारण चार हजार मीटरवर अँडीजमधल्या पुरुषांचं हिमोग्लोबिन सरासरी १९च्या घरात, तर तिबेटी पुरुषांचं १५-१६, म्हणजे मुंबईतल्या धडधाकट माणसाइतकं. तिबेटी माणूस श्वास जास्त घेतो. त्याच्या रक्तात नायट्रिक ऑक्साइडपासून बनणारी द्रव्यं भरपूर असल्याने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पातळ रक्त भराभर फिरतं.

यामागचं मुख्य जनुक २०१० मध्ये सापडलं. त्याचं नाव ईपीएएस-१. ऑक्सिजन घटल्याची वर्दी शरीरभर देणं हे त्याचं काम, आणि तिबेटी लोकांमधलं त्याचं रूप ही वर्दी जरा हळू आवाजात देतं. त्या वर्षीच्या एका अभ्यासात हे रूप ८७ टक्के तिबेटींमध्ये दिसलं, तर हान चिनी लोकांमध्ये अवघ्या ९ टक्क्यांमध्ये. जुळवून घेणं म्हणजे काहीतरी जास्तीचं कमावणं, अशी आपली समजूत असते. इथे कमाई झाली ती शरीराचा उतावळेपणा आवरण्याची.

हे रूप आलं कुठून, याचं उत्तर २०१४ मध्ये एमिलिया ह्युएर्टा-सांचेझ, रासमुस नील्सन आणि सहकाऱ्यांनी दिलं, आणि या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत चक्रावून टाकणारी गोष्ट तीच वाटते. जनुकाच्या त्या भागातली अक्षरं आजच्या इतर माणसांशी फारशी जुळेनात. जुळली ती डेनिसोव्हनांशी. सैबेरियातल्या डेनिसोव्हा गुहेत मिळालेल्या बोटाच्या हाडाच्या तुकड्यावरून, त्यातल्या डीएनएमुळे ओळख पटलेली ही नामशेष मानवजात. आपल्या पूर्वजांचा त्यांच्याशी संकर झाला आणि त्यांचं जनुक आपल्यात आलं. सखल प्रदेशात त्याचा विशेष उपयोग नव्हता; पठारावर मात्र ज्यांच्याकडे ते होतं त्यांची मुलं जास्त जगली.

पुढे २०१९ मध्ये आणखी एक दुवा मिळाला. तिबेटच्या पठाराच्या ईशान्य कडेला, ३,२८० मीटरवरच्या बाइशिया गुहेत एका बौद्ध भिक्खूला १९८० मध्ये जबड्याचा तुकडा मिळाला होता. तो किमान १ लाख ६० हजार वर्षांपूर्वीच्या डेनिसोव्हनाचा निघाला. त्यात डीएनए शिल्लक नव्हता, ओळख प्रथिनांवरून पटवावी लागली. पण ती माणसं आपल्या कितीतरी आधी या उंचीवर वावरत होती, हे पक्कं झालं.

नैसर्गिक निवडीचं हे काम अजून चालू आहे. बील आणि सहकाऱ्यांनी नेपाळच्या अप्पर मुस्तांगमध्ये साडेतीन हजार मीटरच्या वर राहणाऱ्या, वयाची पंचेचाळिशी ओलांडलेल्या ४१७ तिबेटी वंशाच्या स्त्रियांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांना सर्वाधिक जिवंत अपत्यं झाली, त्यांचं हिमोग्लोबिन ना फार जास्त होतं ना फार कमी. पण त्यातला ऑक्सिजनचा भरणा मात्र इतरजणींपेक्षा अधिक होता.