जुन्या गाडीचे पूर्वचरित्र

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

अपघातात सापडलेली गाडी दुरुस्त होण्याजोगी असूनही विमा कंपनी कधी कधी ती दुरुस्त करून देत नाही. 'टोटल लॉस' असे कळवते आणि ठरलेली रक्कम देऊन मोकळी होते. ऐकणाऱ्याला वाटते, गाडीचा पार चेंदामेंदा झाला असणार. प्रत्येक वेळी तसे नसते. टोटल लॉस हा मुख्यतः हिशेबातला शब्द आहे, आणि तो हिशेब समजून घेतला तर त्यानंतर जुनी गाडी कशी निवडावी, हेही बरेचसे समजते.

विम्याच्या कागदावर 'आयडीव्ही' नावाचा एक आकडा छापलेला असतो. कंपनीने त्या वर्षापुरती मान्य केलेली ती तुमच्या गाडीची किंमत. गाडीला एक वर्ष पूर्ण झाले की नव्या किमतीतून २० टक्के, दोन वर्षांनंतर ३०, तीन वर्षांनंतर ४० आणि चार वर्षांनंतर ५० टक्के घट धरतात. पाच वर्षांपुढे ही किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. दुरुस्तीचा खर्च या आकड्याच्या ७५ टक्क्यांवर गेला, की गाडी टोटल लॉस धरली जाते.

आमच्याच घरचे उदाहरण देतो. आमची मुलगी नोकरीसाठी रोज साताऱ्याहून कराडला जाते. गेल्या वर्षी पावसाळ्यात उंब्रजजवळ मागून आलेल्या एका टेम्पोने तिच्या गाडीला धडक दिली आणि गाडी पुढच्या ट्रकवर जाऊन आदळली. पट्टा बांधलेला होता, एअरबॅग उघडली, म्हणून खांद्याला मुका मार बसण्यावर निभावले. गाडी मात्र दोन्ही बाजूंनी दबली. विम्याच्या वेळी तिची नवी किंमत ८ लाख आणि वय तीन वर्षांहून थोडे अधिक, म्हणजे आयडीव्ही ४ लाख ८० हजार. त्याचे ७५ टक्के ३ लाख ६० हजार. गॅरेजने दुरुस्तीचा अंदाज दिला ४ लाख १० हजारांचा. झाले, टोटल लॉस!

आता पुढचा हिशेब. आयडीव्हीतून सक्तीची वजावट गेली एक हजार. कर्जाचे १ लाख ३५ हजार राहिले होते, ते आधी बँकेकडे गेले. हातात आले ३ लाख ४४ हजार. शिवाय दावा केल्यामुळे 'नो क्लेम बोनस' शून्यावर आला, म्हणजे पुढच्या विम्यावर मिळणारी सवलतही गेली. कर्ज काढून नवी गाडी घेण्याची ऐपत ओढूनताणून होती. पण पुन्हा कर्ज नको, असे मुलीचेच मत पडले. म्हणून जुनी गाडी. तिच्या आईची अट एकच होती: "पोरगी रोज हायवेने जाते. स्वस्त मिळते म्हणून काहीतरी आणू नका."

या अटीचा अर्थ कळायला हवा असेल, तर आधी एक प्रश्न विचारावा लागतो. टोटल लॉस झालेल्या गाड्या जातात कुठे? काही भंगारात तोडल्या जातात, त्यांचे सुटे भाग निघतात. पण बऱ्याच गाड्या लिलावात विकल्या जातात. कंपनीच्या दराने चार लाख लागणारे काम बाहेर जुने भाग लावून, पत्रा ठोकून, रंग मारून पुष्कळ कमी पैशांत होते. मग तीच गाडी चकाचक होऊन पुन्हा बाजारात उभी राहते. अमेरिकेत अशा गाडीच्या मालकीपत्रावर तशी नोंद होते. आपल्या आरसीवर तसा शिक्का नसतो. म्हणजे एक टोटल लॉस गाडी देऊन आपण बाजारात जातो, तेव्हा दुसऱ्या कुणाची तरी टोटल लॉस गाडी आपल्यासाठी तिथे उभी असू शकते.

अशी गाडी वाईट का? ती चालते, वळते, ब्रेकही लागतात. फरक कळतो तो दुसऱ्या अपघातात. आधुनिक गाडीचा पुढचा आणि मागचा भाग मुद्दाम दबेल असा बनवलेला असतो. धक्का त्याने सोसायचा आणि माणसे बसतात तो पिंजरा शाबूत ठेवायचा, अशी ती रचना. एकदा दबून ठोकून सरळ केलेला पत्रा पुन्हा त्याच पद्धतीने धक्का सोसेल, याची खात्री देता येत नाही. उघडून गेलेली एअरबॅग नवी बसवणे महाग पडते. तिच्या जागी नुसते झाकण चिकटवून गाडी विकणारेही असतात.

पुरात बुडालेल्या गाडीचे दुखणे आणखी छुपे. २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या महापुरात, २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला, २०२१ च्या जुलैत चिपळूणला कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरते, गाद्या वाळतात; पण वायरिंगच्या जोडांत शिरलेला ओलावा महिनोन्महिने गंज धरत राहतो. मग एके दिवशी गाडी भर रस्त्यात बंद पडते किंवा एअरबॅग ऐन वेळी उघडतच नाही.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की जुन्या गाडीचा रंग नंतर बघा, आधी तिचे पूर्वचरित्र वाचा. ते तीन ठिकाणी लिहिलेले असते: गाडीच्या वयात, तिच्या अंगावर आणि तिच्या कागदांत.

पहिले वय. साल पाहताना आपण किमतीचा विचार करतो, सुरक्षिततेचा करत नाही. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच लोकप्रिय लहान गाड्यांची एअरबॅग नसलेली साधी मॉडेले आदळून पाहिली. प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेत पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. त्यानंतर नियम बदलत गेले. एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाके अडकू न देणारी यंत्रणा, सक्तीची झाली. जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग आणि २०२१ मध्ये शेजारच्या आसनासाठीही एअरबॅग टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. त्यामुळे २०१६ ची ऐसपैस गाडी आणि २०१९ अखेरची लहान गाडी एकाच किमतीत मिळत असेल, तर हायवेवर रोज जाणाऱ्याने दुसरीकडे आधी पाहावे. त्याआधीच्या गाड्यांतही वरच्या श्रेणीत या सोयी असतात, पण त्या आहेत की नाहीत हे विचारून, पाहूनच घ्यावे.

किमतीबद्दल एक गोष्ट. विकणारा आपण घेतली तेव्हाची पावती दाखवतो. तुम्ही आजच्या नव्या गाडीची किंमत काढा. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. जुन्या गाडीचा भाव त्या नव्या किमतीशी ताडून पाहायचा असतो.

दुसरे, गाडीचे अंग. गाडी दिवसा, उन्हात बघावी. संध्याकाळी दिव्याखाली सगळ्याच गाड्या छान दिसतात. इंजिन थंड असताना बघावी. आपण पोचण्याआधीच ती सुरू करून गरम केली असेल, तर का केली हे विचारावे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा चिकटा दिसला, तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असल्याची शंका घ्यावी.

आम्ही बरोबर आमच्या ओळखीचे एक जुने फिटर घेतले होते. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले, "साहेब, रंग बघू नका, बोल्ट बघा." बॉनेट, दरवाजे आणि डिकी यांचे बोल्ट कंपनीतून रंगासकट येतात. त्यांच्यावर पान्याच्या खुणा असतील, तर तो भाग कधीतरी खोललेला आहे. दरवाजे आणि बॉनेटच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या हव्यात. काचांवर बारीक अक्षरांत बनावटीच्या खुणा असतात. एकच काच वेगळी असेल तर का, ते विचारावे. टायरवर चार आकडी शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. मीटरवर वीस हजार किलोमीटर आणि ब्रेकच्या पायपट्टीचे रबर गुळगुळीत, असे दिसले तर मीटर मागे फिरवला असावा. गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जात असेल, तर तिथली नोंद मागावी. प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळचे किलोमीटर त्यात असतात.

आम्ही पाहिलेली पहिली गाडी एका व्यापाऱ्याच्या आवारात होती. लालचुटुक, २०२१ ची, भाव चांगलाच कमी. आत सुगंधी फवारा मारलेला, पायाखाली नवे कार्पेट. पासिंग एमएच-०८, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातले. फिटरने मागच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढला. एरवी आत गुंडाळलेल्या भागावर मातकट रेघ होती. डिकीतली स्टेपनी उचलली, तर खाली कोपऱ्यात वाळलेला गाळ. आम्ही चहा पिऊन निघालो.

दुसरी पांढरी. किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा काही क्षण लागून विझायला हवा. तोच यंत्रणा ठीक असल्याचा निरोप. या गाडीत तो लागलाच नाही. बॉनेटचे बोल्टही खोललेले होते. विकणारा म्हणाला, "काका, बल्ब गेला असेल, बसवून देतो." आम्ही म्हटले, राहू द्या.

तिसरी गाडी डिसेंबर २०१९ ची, राखाडी रंगाची, बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांची. बंपरला पोचा, दारावर ओरखडे, ५२ हजार किलोमीटर. मात्र बोल्ट अभंग, पट्टे स्वच्छ, सर्व्हिसिंगच्या सगळ्या पावत्या तारखेनुसार फायलीत लावलेल्या. वरच्या श्रेणीची असल्याने पुढे दोन एअरबॅग. त्यांनी ३ लाख १० हजार सांगितले, २ लाख ९५ हजारांना ठरली. हाती आलेली सगळी रक्कम किमतीत घालायची नाही, हे आम्ही आधीच ठरवले होते. उरलेल्या ४९ हजारांत चार नवे टायर, बॅटरी, सर्व्हिसिंग, विमा आणि नाव बदलण्याचा खर्च भागवला.

तिसरे ठिकाण कागदांचे. आरसीवरचा चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक स्वतः गाडीवर वाचून जुळवावा. तो घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला, तर सरळ परत यावे. टोटल लॉस गाडीचे कागद आणि चासी क्रमांक चोरीच्या तशाच गाडीवर चढवून विकणाऱ्या टोळ्या पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येत असतात. परिवहन खात्याच्या पोर्टलवर मालक कितवा, बँकेचा बोजा आहे का, विमा कधी संपतो, हे दिसते. ई-चलनाचे थकलेले दंडही तपासावेत. बोजा असेल तर तो उतरवल्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचे ना हरकत पत्र हवे. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. दुसऱ्या राज्यातली गाडी स्वस्त दिसते. पण ना हरकत प्रमाणपत्र आणि इथला रोड टॅक्स धरून मगच ती स्वस्त आहे का ते ठरवावे.

व्यवहारानंतरही दोन कामे उरतात. राज्यातल्या राज्यात विक्री झाली, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विमा कंपनीलाही १४ दिवसांत कळवावे. नाहीतर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाऊ शकतो. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही. तो माणसाचा असतो.

टोटल लॉस झालेल्या जुन्या गाडीकडेही पाठ फिरवू नका. गाडी कायमची निकामी झाली असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते. ती दुसऱ्याने दुरुस्तीसाठी घेतली असेल, तर नोंदणी त्याच्या नावावर झाल्याचा कागद हाती घ्या. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्पष्ट केले, की नोंदणी ज्याच्या नावावर, तोच कायद्याने मालक. गाडी हातोहात विकली गेली होती, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीतल्या मालकावरच ठेवली गेली. आम्ही नोंदणी रद्द झाल्याची पोच मिळेपर्यंत आरटीओत तीन खेपा घातल्या. आपली गाडी ठोकून, रंगवून दुसऱ्या कुणाच्या मुलीच्या हाती गेली असती, तर ते आपल्याला चालले असते का, हाही विचार त्यात होता.

जुनी गाडी घेणे यात कमीपणा काही नाही, आणि धोकाही अटळ नाही. चार रविवार द्यावे लागतात, ओळखीच्या फिटरला हजार-पाचशे द्यावे लागतात आणि आवडलेल्या गाडीला नाही म्हणावे लागते. यातले तिसरे सर्वांत अवघड. ते जमले, की बाकीचे जमते.